थंड ठरलेली आई

इस्त्रीवाल्या बाईंना त्या इमारतीची किळस यायची. राग म्हणाल तर तो केव्हाच वापरून संपला होता. किळस मात्र उरली होती, कॉलरच्या आतल्या मळासारखी, कितीही घासा, तिथेच. बस त्या रस्त्याने निघाली की बाई खिडकीकडे पाठ करायच्या आणि नाकाला रुमाल लावायच्या. शेजारच्या माणसाला वाटायचं, बाईंना बस लागते.

इमारतीवर पाटी होती, मुलांच्या मनाची आणि मेंदूची संशोधन संस्था. पूर्वी पाटीवर नुसतं मन होतं. मेंदू मागाहून रंगवला, आणि तोही वेगळ्या छटेत, कारण पहिला रंग कुठे मिळेना. संस्थेचा सगळा इतिहास बाईंच्या मते एवढाच होता, बाकीची पुस्तकं छापली नसती तरी चाललं असतं.

आणि आता म्हातारपणी त्याच दारात जाऊन उभं राहायची वेळ आली होती. कारण एकच, बटण्या.

बटण्या म्हणजे बाईंचा मुलगा. खरं नाव वेगळं होतं, पण सगळी गल्ली त्याला बटण्या म्हणायची आणि त्याला ते चालायचं. पन्नाशी उलटलेली, कानशिलं पांढरी झालेली. कोपऱ्यावरच्या त्यांच्या लाँड्रीत पुढे दोन टेबलं, एक वाफेची इस्त्री, कपड्यांची मांडणी, आणि मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. इस्त्री बाईंची आणि बटणं बटण्याची. शर्ट आला की तो आधी सगळी बटणं बोटाने तपासणार, एखादं तुटलेलं दिसलं की खणातून तसंच शोधून काढणार आणि मगच शर्ट आईपुढे सरकवणार. घाईतलं गिऱ्हाईक चरफडायचं. बाई म्हणायच्या, "घाई असेल तर चुरगळलेला घाला. छान दिसेल."

त्याला कुणी शिवलेलं चालायचं नाही. नजरेला नजर द्यायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. आणि त्याच्याकडे स्वतःची वाक्यं फारशी नव्हती, लोकांची होती, ती मात्र हुबेहूब. भूक लागली की शेजारणीच्या आवाजात म्हणायचा, "जेवायला या, निवतंय." पाऊस आला की रेडिओवरच्या बाईच्या आवाजात अंदाज सांगायचा. एक गिऱ्हाईक नाकातून बोलायचं, "कफवरचा डाग तसाच आहे हो." बटण्या ते वाक्य त्याच गिऱ्हाइकाला, त्याच नाकातून, ते दारात दिसलं रे दिसलं की ऐकवायचा. तो गृहस्थ पुढे दुसऱ्या लाँड्रीत जायला लागला. बाईंनी बटण्याला त्या दिवशी शिरा करून घातला.

फक्त एक होतं. इतक्या वर्षांत त्याने आईचं एकही वाक्य उचललं नव्हतं. कंडक्टरचं उचललं, भाजीवालीचं उचललं, समोरच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा उचललं. बाई हसून म्हणायच्या, "माझंच तेवढं याला कडू लागतं." हसायच्या खऱ्या, पण ते हसणं बघवत नसे.

आणि घाबरला की बटण्या एकाच माणसाच्या आवाजात बोलायचा. आधी घशातून बारीक खरखर काढायचा, मग एकदा खोकायचा. तो आवाज निघाला की बाईंच्या हातातली इस्त्री थांबायची.

त्या आवाजाची गोष्ट अशी. बटण्या लहान असताना, अजून बोलत नव्हता तेव्हा, बाई त्याला घेऊन त्या संस्थेत गेल्या होत्या. स्वमग्नता हा शब्द त्यांनी तिथेच पहिल्यांदा ऐकला. त्या काळी बऱ्याच शहाण्या लोकांनी असं ठरवून टाकलं होतं की मूल असं होतं ते आईमुळे. आई आतून थंड असते, तिला मूल नकोसं असतं, मुलाला ते कळतं आणि ते आतून दार लावून घेतं. दूर कुठेतरी कुणीतरी हे लिहिलं आणि ठिकठिकाणच्या विद्वानांनी ते वाचून माना डोलावल्या. कारण सापडल्याचा आनंद एवढा मोठा की ते खरं आहे का हे बघायचं राहून गेलं. इथले मोठे डॉक्टर तेव्हा तरुण होते, नाकाने कांदे सोलायचे, आणि त्यांना या थंड आयांवर आपलंही काही लिहायचं होतं.

खोलीत एका भिंतीला आरसा होता. त्याच्यापलीकडे अंधारात खुर्च्या होत्या आणि तिथून आतलं सगळं दिसायचं, हे बाईंना पहिले काही आठवडे ठाऊकच नव्हतं. त्या भोळेपणाने त्या आरशात बघून केस सारखे करायच्या. पलीकडे त्याचंही निदान झालं, आई स्वतःतच गुंग. एक मदतनीस तिथे बसून फक्त एवढंच मोजायचा की आई मुलाला किती वेळा हात लावते. आकडा आला जवळजवळ शून्य. सगळ्या आयांत कमी. मोठ्या डॉक्टरांना अगदी हवी तशी आई मिळाली.

बाई हात लावत नव्हत्या, कारण हात लावला की पोर ताठ होतं आणि किंचाळतं हे त्यांना तो पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण त्यांनी आपले उपाय शोधले होते. चादरीवरून इस्त्री फिरवायची आणि ती गरमागरम चादर, बोटसुद्धा न लागू देता, वरून त्याच्या अंगावर सोडायची. पोर ती हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचं आणि त्याचे खांदे खाली यायचे. दुसरं, कोटाचं मोठं बटण. टेबलाच्या या टोकाकडून बाई ते सरकवायच्या, त्या टोकाला पोर ते बोटाने थांबवायचं आणि परत सरकवायचं. तासन्‌तास. बघायचं नाही, बोलायचं नाही, पण बटण परत यायचंच.

बाईंनी हे डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. डॉक्टर हसले.

"म्हणजे जवळ घ्यायला नको म्हणून चादर," ते म्हणाले. "आणि मध्ये एवढं मोठं टेबल. बघा, तुम्हीच कबूल केलंत."

दिवसभर इस्त्री धरून त्यांचे तळवे लालभडक असायचे. तेच तळवे त्या मांडीवर उलटे ठेवून बसून राहिल्या.

मग उपचार ठरला. आईने मुलाला मिठीत घट्ट धरायचं आणि ते शांत होईपर्यंत सोडायचं नाही. मूल ओरडेल, चावेल, ओकेल, तरी नाही. डॉक्टर आरशापलीकडे बसायचे आणि तिथून भोंग्यातून सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आधी भोंग्याची खरखर, मग डॉक्टरांचा खोकला, मग आवाज: "आई, सोडू नका. रडू दे त्याला. अजून घट्ट. तुमच्यामुळे झालंय हे, तुम्हीच निस्तरा."

बाई निस्तरत होत्या. पोर त्यांच्या अंगावर ओकायचं, मुतायचं, नखांनी त्यांची मान ओरबाडायचं, आणि त्या धरून ठेवायच्या, कारण एवढे शिकलेले लोक सांगताहेत. एक दिवस पोर एकदम सैल पडलं. ओल्या कपड्यासारखं हातांवर लोंबलं, डोळे उघडे, कुठेच न बघणारे. भोंग्यातून आनंदाने भरलेला आवाज आला, "झालं! हेच ते. हेच प्रेम."

बाईंनी त्या सैल पडलेल्या पोराकडे पाहिलं आणि त्यांच्या पोटातून जे वर आलं ती किळस. ती पुढे कधी खाली गेलीच नाही. त्या दिवसानंतर त्यांनी संस्थेचं तोंड पाहिलं नाही. डॉक्टरांनी आपल्या लेखात त्याचीही सोय लावली असं त्यांना पुढे कुणीतरी सांगितलं. उपचार यशस्वी होऊ लागताच आईने मूल काढून नेलं, थंड आयांना मूल बरं व्हायला नकोच असतं.

नवऱ्याने डॉक्टरांची बाजू घेतली. त्याला ते सोयीचं होतं, दोष आईचा म्हटल्यावर बाप सुटला. काही महिन्यांनी तो खरोखरच सुटला, भावाकडे राहायला गेला आणि तिथेच वारला.

मग वारं फिरलं. थंड आईची गोष्ट कुणी उघडपणे बोलेनासं झालं. कारणं मेंदूत शोधायची, जन्माआधी शोधायची, रक्तात शोधायची, असं सुरू झालं. पाटीवर मेंदू आला. मोठे डॉक्टर तर म्हणायला लागले की आम्हाला पहिल्यापासून मेंदूचाच संशय होता. तरुणपणचे लेख त्यांनी ताकास तूर लागू न देता कुठेतरी खाली दडपले. पण एकाही आईला बोलावून कुणी म्हणालं नाही की बाई, आमचं चुकलं. एक शब्द. तेवढासुद्धा त्या तोंडातून फुटला नाही.

एवढं सगळं असून बाई त्या दारात गेल्या, कारण त्यांच्या छातीत दुखायला लागलं. गल्लीतल्या डॉक्टरने तपासलं आणि सरळ सांगितलं, "इस्त्री सोडा. आणि मुलाची काही सोय बघून ठेवा." सोय एकच होती. संस्थेच्या मागच्या अंगणात मोठ्या मुलांसाठी निवास होता. मोठी मुलं म्हणजे टक्कल पडलेली, दाढ्या पिकलेली माणसं. बाकी जी दोन ठिकाणं होती ती बाई बघून आल्या होत्या. एका ठिकाणी सगळ्यांना एकाच खोलीत टीव्हीपुढे बसवलेलं होतं, आणि दुसऱ्या ठिकाणचा वास इथे सांगण्यासारखा नाही.

हा निवास बाई खोट काढायला म्हणून गेल्या आणि हात हलवत परत आल्या. प्रत्येकाला वेगळी खोली, खिडकी, टेबल. सांभाळणारी माणसं दारावर टकटक करून थांबत होती, विचारल्याशिवाय कुणी कुणाला शिवत नव्हतं. एका खोलीत सगळ्यांचे कपडे धुवायचं मोठं यंत्र होतं. बटण्या त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला तो हलेचना. एक खोली रिकामी होती. बाईंनी खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली, गादी दाबून पाहिली. इतकी चांगली खोली इतक्या घाण लोकांच्या हातात असावी याचीच त्यांना शिसारी आली.

व्यवस्थापक बाईंनी साखर पेरत सांगितलं, "खोली तुमचीच समजा, मावशी. फक्त दोन गोष्टी. आमच्याकडे सध्या कारणांचा मोठा अभ्यास चाललाय, त्यात तुम्ही दोघं आलात तर बरं. आणि पुढच्या महिन्यात संस्थेला पन्नास वर्षं होताहेत. मोठे डॉक्टर येणार आहेत. त्यांची पहिली मुलं त्यांना भेटावीत असं आमच्या मनात आहे. नुसतं व्यासपीठावर यायचं, फोटो काढायचा."

"आणि नाही आलो तर?"

"तसं काही नाही हो. पण प्रवेश शेवटी तेच ठरवतात. अजून समितीवर आहेत ना."

बाईंनी दोन्हीला हो म्हटलं.

अभ्यासाचं काम एका तरुण मुलीकडे होतं. केस कसेतरी बांधलेले, कोटाचं एक बटण लोंबतंय. बटण्याची नजर त्या बटणावरून हटेना. बाईंना वाटलं, आता रक्त काढायचं म्हणून दोन दांडगे येणार आणि पोराला धरणार. त्या बटण्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"धरायचं नाही त्याला," त्या म्हणाल्या. "आधीच सांगते."

"कुणी नाही धरत, आजी," मुलगी म्हणाली. "थुंकी चालते. या नळीत दोघांनी थुंकायचं, बस."

त्या इमारतीत येऊन थुंकायचं, आणि त्यासाठी वर आपल्याला आग्रह होतोय, हे बाईंना फार आवडलं. त्यांनी नळी रेघेच्याही वर भरली. मुलगी म्हणाली, एवढी नको हो. बाई म्हणाल्या, असू दे, पुष्कळ आहे.

झाकण लावता लावता मुलगी सांगत होती की याचं कारण एक नसतं, शेकडो असतात, बारीक बारीक, बरीचशी जन्माच्या आधीच ठरलेली. सगळ्यांचं एकत्र बघितलं तर काही हाती लागेल, पण तुमच्या मुलाचं नेमकं कशामुळे ते कदाचित कधीच सांगता येणार नाही.

बाईंनी विचारलं, "आणि आईने जवळ घेतलं नाही, म्हणून होतं का ते?"

मुलीने नळीवर चिठ्ठी चिकटवत म्हटलं, "छे. त्याचा काही संबंध नसतो. ते केव्हाच खोटं ठरलंय, आजी. तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

बस गेली का विचारावं आणि कुणी गेली म्हणावं, तितक्या सहज. ज्या गोष्टीपायी नवरा गेला, ज्या गोष्टीपायी मानेवर ओरबाडल्याच्या खुणा राहिल्या, ती खोटी होती हे या लोकांना माहीत होतं, केव्हापासून माहीत होतं, आणि ते एका थुंकीच्या नळीवर चिठ्ठी लावता लावता कळावं. निघताना बटण्याने खिशातून सुईदोरा काढून मुलीपुढे ठेवला. मुलीने तिथेच बसून बटण लावून घेतलं, तेव्हा कुठे तो हलला.

समारंभाच्या दिवशी बाईंनी बटण्याला परीटघडीचा शर्ट घातला. दालन भरलेलं होतं. पहिल्या रांगेत देणगीदार, मागे डॉक्टर, त्यांच्यामागे शिकाऊ मुलं, अगदी शेवटी ती नळीवाली मुलगी. मोठे डॉक्टर खूप म्हातारे झाले होते, गुलाबी गाल, कानात यंत्र, अंगावर उंची कोट. लोक त्यांच्यापुढे इतके वाकत होते की बाईंना सगळ्यांच्या पाठींना इस्त्री करावीशी वाटली.

डॉक्टर माईकवर म्हणाले, "त्या काळी आम्ही जे केलं ते त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे केलं. चुका काळाच्या असतात, हेतू माणसाचे असतात." टाळ्या पडल्या. बिचारा काळ, त्याच्या डोक्यावर कुणीही खापर फोडावं, तो काही उठून बोलत नाही.

मग निवेदकाने जाहीर केलं, "आणि आता डॉक्टरांच्या अगदी पहिल्या मुलांपैकी एक, आणि त्याची आई." बाई आणि बटण्या वर गेले. वर काय काय होणार ते बाईंनी त्याला घरी दोनदा सांगून ठेवलं होतं: चालायचं, उभं राहायचं, उजेड पडेल, उतरायचं. अंगाला हात लावण्याचं काही ठरलेलं नव्हतं.

डॉक्टर उठले, पुढे आले, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बटण्याला मिठी मारली. चांगली घट्ट. फोटोवाले पुढे सरसावले.

बटण्या सैल पडला.

बाईंनी ते पाहिलं. खांदे गळाले, हात लोंबले, डोळे उघडे आणि कुठेच नाहीत. कुणीतरी खाली म्हणालं, "बघा, किती शांत झाला." आणि बटण्याच्या घशातून खरखर निघाली. मग खोकला. निवेदकाने हौसेने माईक त्याच्या तोंडाशी धरला. आणि सगळ्या दालनात एका तरुण, रुबाबदार पुरुषाचा आवाज घुमला.

"आई, सोडू नका."

लोकांच्या तोंडून कौतुकाचा सुस्कारा निघाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले.

"रडू दे त्याला. अजून घट्ट. तुमच्यामुळे झालंय हे, तुम्हीच निस्तरा."

काही जुन्या डॉक्टरांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांना आवाज ओळखू आला होता. नळीवाली मुलगी ताठ बसली, तिने तोंड उघडलं, मग आजूबाजूला पाहिलं आणि आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिचीही नोकरी होती.

मोठ्या डॉक्टरांना मात्र काहीच ओळखू आलं नाही. त्यांनी मिठी सोडलीही नाही. कानातलं यंत्र सारखं करत ते लोकांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? केवढं स्पष्ट बोलतो! हा इथे आला तेव्हा एक शब्द बोलत नव्हता."

टाळ्या. आधी दोनचार, मग सगळ्यांच्या, कारण सुटका झाल्यासारखं वाटलं सगळ्यांना.

बाई पुढे झाल्या. "हात काढा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात काढा त्याच्यावरचा." आणि त्यांनी स्वतःच, एखाद्या कपड्यावर चिकटलेलं काहीतरी चिमटीने उचलावं तसा, डॉक्टरांचा हात मनगटाला धरून बाजूला केला. मग बटण्याच्या पुढे पाऊलभर अंतर ठेवून त्या चालू लागल्या, आणि तो त्यांच्यामागून खाली उतरला.

बाहेरच्या ओसरीत व्यवस्थापक बाई धावत आल्या. साखर संपली होती.

"मावशी, हे काय केलंत? ऐंशी उलटलेला माणूस. सगळ्यांदेखत. समितीची बैठक उद्या आहे, ती खोली मागणारे इतके लोक आहेत. मी काय सांगू त्यांना?" मग आवाज उतरवून, "ते आत चहा घेताहेत. जाऊन दोन शब्द बोला. म्हणा, चुकलं. जातंय काय तुमचं?"

बाईंनी बटण्याकडे पाहिलं. तो भिंतीशी उभा राहून शर्टाची बटणं वरून खाली, खालून वर मोजत होता. त्यांच्या छातीत डावीकडे बारीक कळ आली, हल्ली जिने चढल्यावर यायची तशी. टीव्हीपुढे ओळीने बसवलेली ती माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या ठिकाणचा तो वास नाकात आला.

"इथेच थांब," त्या बटण्याला म्हणाल्या आणि आत गेल्या. दार उघडंच राहिलं.

मोठे डॉक्टर बशीत बिस्किटं बुडवून खात होते. कोटावर चुरा सांडला होता. बाई समोर उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कानामागे हात नेला. "काय म्हणता?"

"चुकलं माझं."

"मोठ्यानं बोला, बाई. हे यंत्र काही कामाचं नाही."

बाईंनी घसा खाकरला. "चुकलं माझं, डॉक्टर," त्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू गेलं असेल.

डॉक्टरांचा चेहरा खुलला. त्यांनी बिस्किटाचा ओला हात बाईंच्या हातावर थोपटला. "असू दे. तुमचा स्वभावच तसा थंड. मी कधी मनात धरलं नाही."

बाई घरी आल्या आणि मोरीत बसून कपड्यांच्या साबणाने तो हात कोपरापर्यंत घासत राहिल्या. मग ओकल्या. मग तोंड धुऊन त्यांनी बटण्यासाठी चादर गरम केली.

खोली मिळाली. बटण्या आता आठवडाभर तिथे असतो आणि सुट्टीला घरी येतो. बटणांचा खण त्याच्याबरोबर गेला. कपडे धुवायच्या यंत्रापाशी त्याला काम दिलंय, बटणं तपासायचं. त्याचं बरं चाललंय, हे कबूल करावं लागतं, आणि बाई ते करतात. इस्त्री अर्ध्यावर आणलीय. त्याला आणायला जातात तेव्हा नाकाला रुमाल लावून आत शिरतात.

मध्यंतरी अशाच त्या गेल्या असताना तिथला सांभाळणारा हसतमुखाने पुढे आला. भला माणूस आहे, त्याचा यात काही दोष नाही.

"मावशी, एक गंमत सांगू? हल्ली तो तुमच्या आवाजात बोलतो. अगदी हुबेहूब, मी तर परवा मागे वळून बघितलं, म्हटलं, मावशी आल्या की काय!"

बाईंच्या पोटात काहीतरी उजळलं. इतक्या वर्षांनी. "काय बोलतो?"

"यंत्र बंद पडलं की, कुणी रागावलं की, कधी उगाचच. आधी असा घसा खाकरतो तुमच्यासारखा, आणि मग म्हणतो, 'चुकलं माझं, डॉक्टर.' आम्हाला फार गोड वाटतं. मोठे डॉक्टर फेरीला आले ना, की मुद्दाम त्याच्या दारापाशी थांबतात ऐकायला."

बाई बटण्याला घेऊन घरी आल्या. बसमध्ये तो खिडकीशी बसला होता आणि एका वळणावर बस गचकन थांबली तेव्हा त्याने घसा खाकरला आणि ते म्हटलं. आवाज त्यांचाच होता. थोडा दमलेला, शेवटच्या अक्षराशी जरा कापणारा. आपल्यामागे या जगात आपला आवाज एवढाच उरणार, त्या इमारतीत, त्या माणसाला ऐकवत, आणि तो माणूस गेला तरी त्याच्या भिंतींना ऐकवत, हे त्यांना तिथे बसमध्ये कळलं.

आता तो घरी असला की जेवणं झाल्यावर बाई टेबल रिकामं करतात आणि कोटाचं ते मोठं बटण काढतात. या टोकाकडून सरकवतात. सरकवताना घसा खाकरतात, आणि तेव्हाच्याइतक्याच मोठ्याने म्हणतात, "माझं काही चुकलं नव्हतं." बटण्या बोटाने बटण थांबवतो आणि परत सरकवतो. बोलत काही नाही. कुठलं वाक्य उचलायचं हे त्याला कुणी सांगून चालत नाही, हे बाईंइतकं कुणाला माहीत नाही. त्या बटण पुन्हा सरकवतात, आणि पुन्हा तेच म्हणतात.